कोकणातल्या संरक्षित वास्तूंच्या दुरुस्तीचे प्रस्ताव तपासायची सरकारी नोकरी – घ्यावी का?

केतकीबन
नमस्कार मंडळी. मी मूळची गुहागर तालुक्यातली. आर्किटेक्चर केलं, मग संवर्धनात मास्टर्स, आणि गेली सहा वर्षं पुण्यात एका संवर्धन वास्तुविशारदांच्या हाताखाली काम करतेय. वाडे, दोन देवळं, एक जुनी शाळा. आता रत्नागिरीत एक कंत्राटी पद म्हणा, की वाऱ्यावर आलेली संधी म्हणा, समोर आली आहे. काम असं: संरक्षित स्मारकांच्या दुरुस्तीचे प्रस्ताव येतात, ते वाचायचे, जागेवर जाऊन बघायचं, त्रुटी काढायच्या, शेरा लिहायचा. बांधायचं काहीच नाही.

आई म्हणते, गावाजवळ आलीस तर बरंच. माझे सर मात्र म्हणाले, "तू हाताने काम करणारी मुलगी आहेस, दुसऱ्याच्या कागदावर लाल पेन फिरवून काय मिळणार?" हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. तुमच्यापैकी कोणी असं काम केलं असेल, किंवा अशा तपासणीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिलं असेल, तर सांगा. त्या शेऱ्याला खरंच काही किंमत असते का?

समुद्रफेणी
अभिनंदन! घ्या, घ्या. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरी, आणि काय पाहिजे.

चुन्याची_घाणी
केतकीताई, मी या कामातून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या सरांना म्हणावं, लाल पेनाने भिंती वाचतात. प्रस्ताव हातात आला की मी नकाशा नंतर बघायचो, आधी अंदाजपत्रक उघडायचो. त्यात एक कलम हमखास असतं, "जुना सैल गिलावा खरवडून काढणे, प्रति चौरस मीटर". सगळ्यात स्वस्त कलम. एका ओळीत मावतं, दोन मजूर एका दिवसात उरकतात. आणि नुकसान सगळ्यात जास्त तेच करतं.

दक्षिण रत्नागिरीकडच्या एका देवळाचा प्रस्ताव होता. गर्भगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर चुन्याच्या सफेदीचे थर, वर्षानुवर्षांचे, बोटभर जाड. प्रस्तावात लिहिलं होतं, गिलावा निकामी, सगळा काढणे. मी जागेवर गेलो. एका कोपऱ्यात सफेदीचा पोपडा सुटला होता, तो नखाने अलगद उचलला. खाली तांबडी रेघ. अजून दोन बोटं उचलला तर रेघेची वेल झाली, वेलीला पान. कावी काम. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा दाखवत चित्र काढायचं, ही आपल्या दक्षिण कोकणातली आणि गोव्यातली कला. अंदाजपत्रकातल्या त्या एका ओळीने ती भिंत सपाट झाली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

शेरा मी चार ओळींचा लिहिला. भिंत अजून आहे. शेऱ्याची किंमत विचारलीत म्हणून सांगितलं.

ठेकेदाराचा_मुलगा
काकांबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. आमचं घर दोन पिढ्या सरकारी कामं घेतंय. त्रुटी काढणं चांगलं, पण ती कधी काढता याला महत्त्व आहे.

आमच्या एका कामाची गोष्ट. तटाच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्यात भरायच्या होत्या. प्रस्ताव पावसाळ्यानंतर गेला. त्रुटी आली, उत्तर दिलं, पुन्हा त्रुटी आली. मान्यता आणि कार्यादेश हातात पडेपर्यंत फेब्रुवारी संपला. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत. चुना विझवून पाण्याखाली निदान काही आठवडे मुरायला हवा, मग घाणीत मळायचा, भरल्यावर गोणपाट ओलं ठेवून जपायचा. एवढा वेळ कुठून आणायचा? गवंडी म्हणाला, मालक, चुना कच्चा आहे. आम्ही तसाच भरला. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत दरजांमधून पांढरं पाणी वाहायला लागलं. निम्म्या दरजा धुऊन गेल्या. दोष कोणाच्या माथी आला असेल ते सांगायला नको.

ज्यांनी त्रुटी काढल्या त्यांनी प्रत्येक मुद्दा बरोबरच काढला होता. मी तेव्हाही तेच म्हणालो, आजही म्हणतो. पण तारीख कोणीच वाचली नाही.

चुन्याची_घाणी
@ठेकेदाराचा_मुलगा, हे सोळा आणे खरं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि त्याला महिने लागतात. विटांची सुरखी घातली तर थोडा लवकर धरतो, तरी आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्या तोंडी कोवळा चुना द्यायचा म्हणजे तान्हं पोर उघड्यावर ठेवण्यासारखं. दसऱ्यानंतर सुरू करायचं आणि माघ संपेपर्यंत हात धुऊन मोकळं व्हायचं, हाच कोकणातला चुन्याचा हंगाम. मी तपासायला होतो तेव्हा हे मला उशिरा उमगलं. केतकीताई, तुम्ही पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच विचारायचं: चुना विझवणार कधी?

रापणकर
गो बाय, मी मालवणचो. माझो आजो चुन्याच्या भट्टीवर होतो. शिंपल्ये जाळून चुनो करीत. आजो चुनो बघताना आंगठ्यार घेई, दुसऱ्या बोटान चोळी, मगे जिभेक लाई. खरखर लागली तर म्हणा, "अजून निजांदे तेका." रेती पण तशीच चाखी. खारट लागली काय परत होडयेत. खाडयेची रेती चुन्यात घातलात तर दोन वर्षांत भिंतीर मीठ फुटता, ह्या आमका ल्हानपणीच ठावक. तुमच्या फॉर्मात रेतयेची चव लिवची जागा आसा काय?

केतकीबन
@रापणकर दादा, फॉर्मात नाही, पण आता माझ्या वहीत आहे. रेती कुठली, खाडीची की नदीची, हा प्रश्न मी लिहून ठेवला. मनापासून आभार.

@घाणीकाका, तुमची कावीची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही. पुण्यात आम्ही किती भिंती खरवडल्या ते आठवत बसले.

तटाखालचं_घर
माझा विषय वेगळा आहे, पण तपासणाऱ्यांबद्दलच आहे म्हणून लिहितो. आमचं घर एका किल्ल्याच्या तटापासून सत्तर पावलांवर. पणजोबांनी बांधलेलं, जांभ्याचं, मातीच्या दरजा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धं छप्पर उडालं. मंगलोरी कौलं त्या महिन्यात कोणाला मिळत नव्हती, सगळ्या गावाने पत्रे घातले, आम्हीही घातले. आता पुन्हा कौलं घालायची आहेत, एक कुजलेला वासा बदलायचा आहे, तर गावात सांगतात, शंभर मीटरच्या आत काहीच करता येणार नाही. वडील ऐंशी वर्षांचे आहेत. पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही. किल्ला आमचाच आहे हो, आमच्या माणसांनी तिथे पहारे दिलेत. मग आम्हीच परके कसे?

वकील_देवगड
@तटाखालचं_घर, गावात अर्धवट सांगितलं गेलंय. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाही हे खरं. पण आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. घराचे जुने फोटो, घरपट्टीचे उतारे, सातबारा आणि काय बदलणार याचा साधा नकाशा जोडा. "नूतनीकरण" असा मोघम शब्द लिहू नका. "अमुक लांबीचा एक वासा बदलणे, पत्रे काढून पूर्वीप्रमाणे कौले घालणे" असं लिहा.

आणि अंतर पावलांनी मोजू नका. मोजणी संरक्षित हद्दीपासून होते, तटापासून नव्हे. किल्ला राज्य संरक्षित असेल तर त्याला १९६० चा राज्याचा कायदा लागतो, तिथली रीत वेगळी. आधी पाटीवर काय लिहिलंय ते बघून या.

तटाखालचं_घर
पाटी निळी आहे, केंद्राची. कागद गोळा करतो. साहेब, एवढं साधं करून कोणी सांगितलं नव्हतं.

शंभर_कोस
मी दापोलीचा, बावीस वर्षं न्यू जर्सीत. इथे प्रस्ताव तयार करणाऱ्यांच्या बाजूने काम करतो, म्हणजे तपासणारे समोर बसतात. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ साली पाडायला घेतलं, त्यावर लोक हळहळले, आणि १९६६ मध्ये देशाचा वारसा जतनाचा कायदा आला. त्याचं १०६ वं कलम सांगतं की संघ सरकारचा पैसा किंवा परवाना असलेल्या कुठल्याही कामाने जुन्या वास्तूवर काय परिणाम होईल, याचा आधी विचार करायचा. राज्याच्या वारसा अधिकाऱ्याकडे कागद गेला की त्याला साधारण ३० दिवस असतात. तो काम थांबवू शकत नाही, पण चर्चेला बसवतो. मोडलेलं आधी दुरुस्त करा, दुरुस्त होतच नसेल तरच बदला, आणि बदललं तर जुन्यासारखं बदला, हा इथल्या नियमांचा गाभा.

ठेकेदारदादांचं वाचून मला ते ३० दिवस आठवले. मुदत दोन्हीकडे हवी. पैसा खर्च करायला मुदत आहे आणि शेरा द्यायला नाही, तर सगळा भार चुन्यावर येतो.

गावऱ्हाटी
सगळे संरक्षित वास्तूंबद्दल बोलताहेत. माझ्या पोटात दुखतंय ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या गावच्या रवळनाथाच्या देवळाला कोणाचंच संरक्षण नाही. फणसाच्या लाकडाचे सोळा खांब, प्रत्येकावर वेगळं कोरीव काम, एकावर तर गाडीवान आणि त्याच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं मोजता येतील इतकं बारीक. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली, सभामंडप पाडून स्लॅब टाकला, वर ग्रॅनाइट. खांब मागच्या पडवीत उभे करून ठेवले होते. दोन पावसांत चार खांबांना वाळवी लागली.

कोणी वाईट माणसं नव्हती ती. देवावर जीव ओवाळणारी माणसं. गळकं छप्पर बघून त्यांना लाज वाटत होती. त्यांना कोणीतरी योग्य वेळी येऊन सांगायला हवं होतं की छप्पर बदला, खांब ठेवा.

रापणकर
@गावऱ्हाटी, देवाक कौल लावलो होतो?

गावऱ्हाटी
लावला होता. "नवीन देऊळ बांधू का?" असं विचारलं, देवाने होकार दिला. "खांब काढू का?" हे कोणी विचारलंच नाही.

चुन्याची_घाणी
गावऱ्हाटी, उरलेल्या बारा खांबांसाठी आजही वेळ आहे. जमिनीपासून वीतभर उंच, दगडावर उभे करा, भिंतीला टेकवू नका, वारा खेळू द्या. वाळवी लागलेले चार वेगळे ठेवा. बाकी बोलायला गावी येतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

कातळावरची
जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले पाच आपल्या कोकणातले: रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आता पैसा येईल, पाट्या येतील, जेट्ट्या, स्वच्छतागृहं, दिवे येतील. केतकीताईंच्या टेबलावर दुरुस्तीपेक्षा सोयींचेच प्रस्ताव जास्त असणार. दिव्याची केबल नेण्यासाठी चिऱ्यात ब्रेकरने चर मारलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, यादीबाहेरच्या एका गढीवर.

आणि एक विनंती. आमची कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली चित्रं, विसरू नका. त्यांना भिंत नाही, छप्पर नाही. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे, पण उन्हात उभं राहिलं तर पायाखाली आहे हे कळत नाही. तिथे संवर्धन म्हणजे काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, तेच जास्त लिहावं लागेल. सिमेंटचा कठडासुद्धा कातळाला भोकं पाडून उभा राहतो.

नवा_गवंडी
मी वयाने लहान आहे, चूक असेल तर सांगा. सिमेंट एवढं वाईट का? मजबूत तर असतं. आमच्याकडे सगळे साहेब तोंडी "सिमेंट नको" म्हणतात, कारण कोणी सांगत नाही.

केतकीबन
@नवा_गवंडी, हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर डोळ्यांनी बघता येतं. समुद्राकडे तोंड असलेली, सिमेंटने दरजा भरलेली एखादी जुनी भिंत शोध. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. चुन्याची दरज मऊ, ती पाणी बाहेर जाऊ देते, आणि झिजायचं झालं तर दरज झिजते, चिरा राहतो. दरज पुन्हा भरता येते. सिमेंटची दरज पाणी सोडत नाही, मग सगळं पाणी मिठासकट चिऱ्याच्या तोंडातून बाहेर पडतं. मीठ आत फुगतं आणि चिऱ्याचे पोपडे निघतात. पंधरा-वीस वर्षांनी बघशील तर दरजा तशाच्या तशा पुढे आलेल्या आणि चिरे मागे खपाटीला गेलेले, भिंतीवर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. हात घालून बघ, चिऱ्याची तांबडी भुकटी हातावर येते.

नवा_गवंडी
बघितलीय अशी भिंत! लहानपणी आम्ही त्या खाचांत पाय देऊन वर चढायचो. मला वाटायचं आधीच्यांनी मुद्दाम केलंय.

समुद्रफेणी
मी पहिल्या प्रतिसादात आंब्यावर बोलून मोकळी झाले होते, तेव्हापासून हा धागा रोज वाचतेय. माझं माहेर थिबा राजवाड्याच्या टेकडीखाली. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणलं, १९१० मध्ये तो या वाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये वारला. लहानपणी आम्ही तिथे संध्याकाळी फिरायला जायचो. ती इमारत नीट राहावी म्हणून कोणीतरी कुठल्याशा टेबलावर कागद वाचत असेल, असं कधी मनातही आलं नाही. केतकीताई, तुम्ही या.

ठेकेदाराचा_मुलगा
मूळ प्रश्नावर येऊया का? माझं मत: घ्या. पण एक अट स्वतःला घाला. निदान एकदा भर पावसात जागेवर जा. मी आजवर जेवढे तपासणारे पाहिले ते सगळे डिसेंबर ते मे या काळात आले. कोरडी भिंत बघून ओलीचा शेरा लिहिला. गळती कुठून येते हे जुलैत भिंत स्वतः सांगते.

चुन्याची_घाणी
अगदी खरं. आणि आमच्या वेळच्या अडचणीही सांगतो, उगाच गोड बोलत नाही. भरतीमुळे होड्या बंद असतात, गाडी मिळत नाही, फोन येतात. एकदा एका वजनदार माणसाचा निरोप आला, "दरवाज्याला ऑइलपेंट द्या, चकाकलं पाहिजे." मी नकार लेखी दिला. तोंडी नकार टिकत नाही, लेखी टिकतो. तुमच्या शेऱ्यात कारण असू द्या, कलमाचा आकडा असू द्या आणि पर्यायही असू द्या. नुसतं "अमान्य" लिहिलंत तर समोरचा गवंडीही शिकत नाही आणि साहेबही.

केतकीबन
मंडळी, पद घेतलं. सोमवारी रुजू होतेय. सरांना या धाग्याची लिंक पाठवली. त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, "कावीची भिंत मला दाखव."

केतकीबन
(आठ महिन्यांनी)
धागा वर काढतेय, तुमचं देणं लागते म्हणून.

गेल्या आठवड्यात धो धो पाऊस होता. एका गढीचा प्रस्ताव माझ्याकडे आहे, उत्तरेच्या भिंतीला आतून ओल, उपाय म्हणून आतून जलरोधक रसायनाचा लेप, चांगली मोठी रक्कम. मी छत्री आणि विजेरी घेऊन गेले. आत अर्धा तास उभी राहिले. पाणी भिंतीतून झिरपत नव्हतंच. वरच्या तटावर पिंपळाचं खोड होतं, मागे कधीतरी नुसतंच छाटलेलं, पुन्हा फुटलेलं. त्याच्या मुळांनी पाण्याच्या पन्हाळीचं तोंड बुजलं होतं. तटावरचं सगळं पाणी तिथे तळ्यासारखं साचत होतं आणि भिंतीच्या पोटात उतरत होतं. राखणदाराने काठी घालून थोडी माती उकरली, तर पन्हाळीतून गढूळ धार खाली धबाधबा पडली. आतली ओल लगेच जाणार नाही, पण लेपाची गरज नाही हे कळलं.

शेरा लिहिला: लेपाचं कलम वगळावं, पन्हाळ मोकळी करून उतार चुन्याच्या कोब्याने दुरुस्त करावा, मुळं ओढून न काढता जागीच मारून मग पोकळी चुन्याने भरावी, काम दसऱ्यानंतर. आणि पहिल्या पानावर, चुना ऑगस्टमध्ये विझवून ठेवावा.

त्यावर आजच विचारणा आली, ऑगस्टमध्ये विझवलेला चुना पावसात ठेवायचा कुठे? मला नीट उत्तर देता येईना. रापणकर दादा, तुमचे आजोबा काय करायचे?

रापणकर
जमनीत खड्डो, आतून चिरे लावलेले, वर चार बोटां पाणी आणि त्येच्यार माडाची झावळां. पाणी आटाक देवचा नाय, एवढाच बघूचा. खड्डो अजून आमच्या परड्यात आसा, पोरांनी तेच्यात केळ लावल्यानी. ये बघूक, केळ काढून ठेवतंय.

नवा_गवंडी
मीपण येऊ का?